शर्वरीची सोयरीक

२६ जानेवारी १९८३

सोसायटीच्या झेंडावंदनाला गेले नाही, तबेल्यात गेले. माझी घोडी शर्वरी आता सतरा वर्षांची आहे. गेल्या साली रेसच्या घोड्याला दाखवूनही ती गाभण राहिली नाही. जनावरांचे डॉक्टर वेंगुर्लेकर म्हणतात, अजून एक शिंगरू, फार तर. मी म्हटलं, मला एकच हवं आहे, पण हवं तसं हवं आहे.

हवं तसं म्हणजे ड्रेसाजचं. लोकांना घोडा म्हटला की महालक्ष्मीची शर्यत नाहीतर चौपाटीवरची फेरी, एवढंच आठवतं. चौकोनी मैदानात स्वाराच्या न दिसणाऱ्या इशाऱ्यावर घोड्याने पावलं टाकायची, वळायचं, जागच्या जागी दुडकी मारायची, आणि बघणाऱ्याला वाटावं की हे सगळं त्या घोड्याच्याच मनात आलं. याला ड्रेसाज म्हणतात हे आख्ख्या बोरिवलीत तिघांना ठाऊक आहे: मी, उत्तरा आणि आमचा मोतद्दार धाकू. त्यातही धाकूला ते पटलेलं नाही. "बाई, घोडो धावाक व्हयो. नाचाक कित्याक?" संपापर्यंत तो गिरणीत होता. धावणाऱ्या पट्ट्यांपुढे उभं राहून त्याची मतं तयार झाली आहेत.

परदेशातून घोडा आणण्याची परवानगी आपल्याला मिळायची नाही. रेसचे घोडे निखाऱ्यावर पाय पडल्यासारखे वागतात. तेव्हा घरीच पैदा करायचा. उत्तरा माझ्या बहिणीची मुलगी. बँकेत नोकरी करते आणि त्याआधी पहाटे इथे येऊन माझ्या घोडेस्वारीच्या शाळेतल्या थकलेल्या घोड्यांवर शिकते. तिचे हात मऊ आहेत, बैठक शांत आहे. चांगला घोडा मिळाला नाही तर ते सगळं फुकट जाणार. आणि माझ्या शाळेतून तिच्यासारखी दुसरी येणार नाही, हे मला कळतं.

ते शिंगरू मिळेल असं मनापासून वाटत नाही. पण जनावरं कुणाच्या वाटण्यावर जन्माला येत नाहीत.

६ फेब्रुवारी

उत्तराला घेऊन पुण्याजवळच्या स्टडफार्मवर जाऊन आले. रुस्तम नावाचा करडा अरबी घोडा पाहिला. पाठ आखूड, खांदा तिरपा, मागचा पाय पोटाखाली खोल येतो. भोवती कुत्री भुंकत होती तरी कानसुद्धा फिरवला नाही. उत्तरा तर त्याच्यासमोरून हलेना.

मी वंशावळ मागितली आणि झाडाखाली बसून वाचली. सहाव्या पिढीत बापाकडून रुस्तमचा मूळ पुरुष आणि आमच्या शर्वरीचा मूळ पुरुष एकच निघाला. कागद परत दिला आणि उठले.

"मावशी, अगं काय झालं?"

"सगोत्र आहेत."

"घोड्यांना गोत्र असतं?"

"वंशावळ आहे ना? मग मूळ पुरुषही आहे."

"सहा पिढ्यांमागे एक बाप सारखा निघाला म्हणून काय वाट लागणार आहे का? यार मावशी, असा घोडा परत दिसणार नाही!"

"यार तुझ्या मैत्रिणींना म्हण."

"पण ते गोत्रबित्र माणसांसाठी ना?"

"रक्त ते रक्त."

इंग्रजी पुस्तकांत जवळच्या रक्तातले घोडे मुद्दाम लावतात, हे मी वाचलं आहे. त्यांच्यात चुलत भावंडंही लग्नं करतात. त्यांच्या चाली त्यांना लखलाभ. मी संस्कृत घेऊन बी.ए. झाले. आपल्या लोकांनी हजार वर्षं एक नियम पाळला तो उगीच नव्हे, एवढं कळण्याइतकी शिकलेली आहे.

रुस्तम खरोखरच चांगला होता. पण नाही म्हणजे नाही.

२० फेब्रुवारी

काल बारामतीकडे माणिकरावांच्या वाडीवर गेले होते. त्यांचा घोडा नीलकंठ पाहिला. मागचे पाय रुस्तमइतके खोल येत नाहीत, पण मान उचलून दुडकीवर आला तेव्हा मला दोन्ही हात कुंपणावर टेकावे लागले. ती मान मी ओळखते. त्याची आई रोहिणी आमच्या घरची, पुढे माणिकरावांकडे गेलेली. माझे वडील, आबा, संस्थानच्या पागेवर होते. विलीनीकरणानंतर पागा मोडली तेव्हा त्यांनी थोडी जनावरं स्वतःच्या रानात आणून ठेवली आणि त्यांची वीण सांभाळली. रोहिणीवर मी बसलेली आहे. तिचा सख्खा भाऊ मेघनाद, आणि मेघनादाची मुलगी शर्वरी. म्हणजे शर्वरी ही नीलकंठाच्या मामाची मुलगी.

माणिकरावांनी मांडीवर थाप मारली. "बाईसाहेब, मग विचारता काय? ही तर हक्काची सोयरीक! मामाची पोरगी दुसऱ्याच्या दारात का जाऊ द्यायची?"

मी कागद पुन्हा तपासला. नीलकंठाचा बाप वेगळ्याच रक्ताचा, सौराष्ट्राकडून आलेला. गोत्राचा प्रश्नच नाही.

बोलता बोलता मी रोहिणीची चौकशी केली. म्हातारी होऊन गेली म्हणाले. नीलकंठाच्या पाठची तिची दोन शिंगरं, आमच्याच घरच्या घोड्यापासूनची, तीन-चार महिन्यांपलीकडे जगलीच नाहीत. त्या साली साथ होती. आबांकडेही मेघनादाच्या पाठचं एक असंच पडून पडून गेलं होतं, त्याला जनावर चावलं असं आबा म्हणत. रानात हे चालायचंच.

ठरवलं. एप्रिलमध्ये शर्वरीला घेऊन जायचं.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. आमचे हे आयुष्यभर सरकारी कचेरीत होते, घोड्यांशी त्यांचं देणंघेणं नाही. चाळीस पावलांवरून घोडा आणि खेचर यांतला फरक त्यांना कळणार नाही. मी म्हटलं, "आपल्यासारखंच आहे बघा. आतेभाऊ आणि मामेबहीण." आमचं लग्न तसंच झालं. माझे आबा त्यांचे सख्खे मामा.

"असं का," म्हणाले आणि वर्तमानपत्राची घडी घातली. ते अजून वाचून झालेलं नव्हतं.

आमची दोन्ही मुलं राहिली नाहीत. तो काळच तसा होता, गावात धड औषधं मिळत नसत. या वहीत तो विषय नको.

१२ एप्रिल

शर्वरी माजावर आहे असं पाहून परवा ट्रकने नेली. घाटात धाकू पूर्ण वेळ तिच्या गळ्यात हात टाकून उभा होता आणि तिला मालवणीत रागावत होता. काल सकाळी घोडा दाखवला, आज पुन्हा. नीलकंठ सभ्य जनावर आहे. धिंगाणा नाही.

माणिकरावांच्या घरच्या बायकांनी शर्वरीला हळदकुंकू लावलं. एक म्हातारी म्हणाली, "माहेरच्या माणसात पडली, भाग्याची." मी हसले नाही. पण वाईटही वाटलं नाही.

३० मे

डॉ. वेंगुर्लेकर येऊन तपासून गेले. गाभण आहे.

उत्तराने मला मिठी मारली. मी तिला आधी हात धुवायला सांगितलं.

१३ मार्च १९८४

पहाटे शर्वरी व्याली. आम्ही पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. शिंगरू ओलं, काळसर, कपाळावर बोटभर पांढरं. मादी आहे. पहिल्या खटपटीत पडली, दुसऱ्या खटपटीत उभी राहिली आणि आचळ शोधून प्यायली. मान आबांच्या घोड्यांची. सगळं जिथल्या तिथे.

धाकूने नारळ फोडला. उत्तराने तिचं नाव तारका ठेवलं. बरं आहे.

हे आले नाहीत. मी घरी सांगितलं तेव्हा विचारलं, "पाय हलवते ना नीट?" म्हटलं, घोड्याचं पोर आहे, पाय नाही हलवणार तर काय करणार.

२ मे

एरवी मी उत्साहाच्या भरात काही लिहीत नाही. आज लिहिते.

तारका आईमागे मैदानातून चालली होती. पुढचे पाय इतके उंच उचलते की गुडघा जवळजवळ छातीला लागावा, आणि मग पाय ठेवते तो ठाशीव. शिकवलेल्या घोड्यांना जागच्या जागी दुडकी मारायला वर्षं लागतात. हिला ती जन्मतः येते आहे. उत्तरा तोंडावर हात ठेवून बघत राहिली. "मावशी, हे कुणी शिकवलं हिला? झकास गं!"

"रक्त," मी म्हटलं.

धाकूही मानला. "बाई, ही तर खरीच नाचता!"

थोडी नखरेल आहे. बादलीकडे तोंड नेताना मान थरथर हलवते, नको नको म्हटल्यासारखी, आणि कधी नाक बादलीच्या कडेवर आपटून घेते. शेजारच्या म्हशींच्या गोठ्यांतून माश्या येतात, त्यांचाही त्रास असणार. धाकूला कडुलिंबाचा धूर करायला सांगितलं.

आबा असायला हवे होते.

१९ मे

तबेल्यामागच्या टेकडीवरच्या दगडखाणवाल्यांनी आज दुपारी पुन्हा सुरुंग लावले. टेकडी हादरली. शर्वरीने नुसती मान वर केली, तारका मात्र मागच्या मागे कोसळली आणि उठताना आणखी दोनदा पडली. मी खाणीच्या मुकादमाकडे जाऊन त्याला सुनावलं. जवळ जनावरं आहेत, वेळ ठरवून सुरुंग लावा. तो म्हणाला, "बाई, म्हशींना काही होत नाही, तुमच्याच घोड्याला कसं होतं?" म्हशींना अक्कल नसते, असं उत्तर देऊन आले.

एक चांगली गोष्ट. तारका उभी राहते ती चारही पाय रुंद टाकून. छाती भरणार हिची.

४ जून

आज सपाट जमिनीवर पडली. सुरुंग नव्हते, कुत्रं नव्हतं, काही नव्हतं. वळायला गेली आणि मागचा भाग एकीकडे, पुढचा दुसरीकडे. मी धाकूला झापलं की जमीन ओली ठेवलीस.

"खय ओली आसा? हात लावून बघा."

हात लावला नाही.

उत्तरा म्हणाली, "मावशी, मला भीती वाटते. डॉक्टरांना बोलवू या ना."

"वाढीचं वय आहे. पाय आधी वाढतात, अंग मागून येतं. तू दहावीत असताना जिन्यावरून किती वेळा पडलीस?"

"मी पडले की उठून नीट चालायचे."

तिला उलट बोलायची सवय लागली आहे. डॉक्टरांना निरोप धाडला, तो तिच्या समाधानासाठी.

१० जून

आज रविवार म्हणून डॉ. वेंगुर्लेकर निवांत आले. हेही तबेल्यात आले. बँकेच्या मॅनेजरला भेटून परस्पर आले म्हणाले. रविवारी बँक नसते. विचारलं नाही.

डॉक्टरांनी तारकेला गोल फिरवलं, मग उलट फिरवलं. मान वर धरून चालवलं तेव्हा ती झुलत झुलत भिंतीला जाऊन टेकली. बादली पुढे धरली तेव्हा तिची मान कशी हलते ते ते बराच वेळ बघत बसले. मी माश्यांचं सांगितलं. त्यांनी हात हलवला. माश्या नव्हत्या.

"हिचे आईबाप नात्यातले का?"

"नात्यातले म्हणजे मामे-आते. गोत्र वेगळं आहे. मी नीट बघून केलं."

"मग नात्यातलेच, बाई."

आणि मग ते बोलले. मी शक्य तितकं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी मला ऐकवायला नको की मला कळलं नव्हतं. मेंदूच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, तोल सांभाळणारा. अरबी घोड्यांच्या काही घराण्यांत तो जन्मानंतर मरत जातो. शिंगरू जन्मतं धड. काही आठवड्यांनी पाय उंच पडू लागतात, मान हलू लागते, तोल जातो. बरं होत नाही. ज्या घोड्यात खोट एकेरी असते तो स्वतः धडधाकट असतो, शंभरात उठून दिसावा असा. असे दोन एकत्र आले तर चार शिंगरांत एकाच्या वाट्याला ती दुहेरी येते. खात्री मेल्यावर मेंदू कापूनच करता येते, पण त्यांना शंका नाही.

"पायांची ती चाल," मी म्हटलं, "ती तर..."

"पाय कुठे पडतोय ते तिला कळत नाही, म्हणून ती तो उंच उचलते."

मी रुस्तमचं सांगितलं. सहाव्या पिढीत बाप एक होता, म्हणून नाकारला, असं. त्यांनी बादली बाजूला ठेवली. मग म्हणाले, "सहा पिढ्यांत त्या बापाचं या दोघांत काय उरलं असेल? बाई, खोट बापाकडून येते तशी आईकडूनही येते. तिला गोत्र नसतं. रोहिणी आणि मेघनाद एकाच आईबापाचे. ती दोघांतूनही उतरली."

रोहिणीची दोन शिंगरं. आबांकडचं जनावर चावलेलं.

तेवढ्यात ह्यांनी विचारलं, "डॉक्टर, माणसांतही असं असतं का?"

"हाच रोग असं नाही म्हणता येणार. पण रस्ता हाच. जवळच्या नात्यात खोट दुहेरी व्हायची शक्यता वाढते."

ह्यांना भलत्या वेळी भलते प्रश्न सुचतात. घोड्यांचा डॉक्टर तबेल्यात उभा राहून माणसांचं काय सांगणार?

येताना रिक्षात हे दुसरीकडे तोंड करून बसले होते. मीही.

१२ जून

उत्तराला सांगितलं. ती रडली. मी तिच्या हातात खरारा दिला आणि शाळेचे सगळे घोडे साफ करायला लावले. तिने केले.

ती मला एकदाही म्हणाली नाही, "रुस्तमच्या वेळी मी सांगितलं होतं." म्हणाली असती तर बरं झालं असतं.

८ जुलै

तारका आता बादलीतून पिऊ शकत नाही. नाक कडेवर आपटून सुजलं आहे. धाकू परातीत पाणी घेऊन तिच्या ओठांखाली धरतो. आईला लुचताना ती चार वेळा चुकते तेव्हा एकदा आचळ सापडतं, आणि शर्वरी तोवर हलत नाही. माशी बसली तरी हलत नाही.

डॉक्टरांनी दोनदा निरोप दिला की उशीर करू नका. एखाद दिवशी पाय मोडून घेईल. मी अजून हो म्हटलेलं नाही. का, ते मलाच ठाऊक नाही. मी शाळेची किती तरी जनावरं अशी डोळ्यांदेखत जाऊ दिली आहेत, आणि संध्याकाळी घरी येऊन भाजी चिरली आहे.

२२ जुलै

जेवताना ह्यांनी विनयचं नाव घेतलं. आमचा पहिला. कित्येक वर्षांत हे नाव या घरात कुणी उच्चारलेलं नाही.

"विनयचीही मान हलायची," म्हणाले.

"तो ताप होता."

"ताप शेवटच्या आठवड्यात आला, प्रभा. मान आधीपासून हलत होती."

मी ताट उचललं. त्यांचं जेवण झालं नव्हतं, तरी त्यांचंही उचललं.

९ ऑगस्ट

आज झालं.

सकाळी तारका गव्हाणीत पडून अडकली, बाहेर निघेना. धाकूने आणि मी ओढून काढली तेव्हा तिच्या दोन्ही गुडघ्यांची साल गेली होती. मी उत्तराला तिथूनच बँकेत पाठवून दिलं आणि डॉक्टरांना फोन केला. मग घरी फोन केला. कशासाठी केला, सांगता येणार नाही. भात लावा म्हणून सांगायला, असं ह्यांना सांगितलं.

डॉक्टरांच्या आधी हे तबेल्यात पोचले. बूट घालून, कचेरीत जायचे तसे. शर्वरीला आम्ही पलीकडच्या ठाणात बांधलं होतं. मी तारकेचं डोकं धरायला बसले तेव्हा हे म्हणाले, "तू ऊठ. तेव्हा दोन्ही वेळा तू एकटी होतीस, मी कचेरीत होतो. आज मी धरतो."

"तुम्हाला घोडा धरता येत नाही."

"मग दाखव."

मी दाखवलं. एक हात हनुवटीखाली, एक कानामागे, अंगठा गालफडावर. तारकेची मान त्यांच्या हातात हलत होती. त्यांनी ती थांबवायचा प्रयत्न केला नाही, हात तिच्याबरोबर हलू दिले. मी उठले नाही. शेजारीच बसले, तिच्या पाठीवर हात ठेवून. सुई टोचल्यावर मान हलायची थांबली, इतकंच कळलं.

डॉक्टरांनी तपासणीसाठी हवं ते घेतलं. दुपारी म्युनिसिपालिटीची गाडी आली आणि तारकेला घेऊन देवनारला गेली. धाकू गाडीमागे रस्त्यापर्यंत गेला आणि परत येऊन ठाण धुवायला लागला.

शर्वरी ओरडते आहे. दूध आटेपर्यंत ओरडेल.

३ सप्टेंबर

डॉक्टरांचा अहवाल आला. ते म्हणाले तेच होतं.

उत्तराने रुस्तमचं काढलं. "मावशी, अजून एक मोसम मिळेल ना शर्वरीला? आता तर माहीत आहे." मी स्टडफार्मला ट्रंककॉल लावला. रुस्तम उन्हाळ्यातच पोटशुळाने गेला.

तो असता तरी काय. डॉक्टर म्हणाले, शर्वरीत खोट आहेच. शिंगरू धड निघालं तरी खोट घेऊन निघायची शक्यता निम्मी, आणि ते कुणाला दिसणार नाही. मग त्याची पोरं, त्यांची पोरं. आबांनी पागेतून जे वाचवून आणलं ते हेच.

२३ सप्टेंबर

माणिकराव मुंबईत आले होते ते मुद्दाम तबेल्यावर आले. मी अहवाल दाखवला. त्यांनी चष्मा न लावता तो चाळला.

"डॉक्टर लोकांना नाव द्यायला एक रोग लागतो, बाईसाहेब. आमच्या नीलकंठात खोट असती तर त्याची बाकीची पोरं बघा की कशी आहेत! दृष्ट लागली तुमच्या शिंगराला."

"त्याला यापुढे घोडी दाखवू नका."

ते हसले. "या मोसमात पाच आल्या. माणसं नगरहून येतात. त्यांना काय सांगू, बोरिवलीच्या बाईंनी मना केलंय?" मग हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. फाल्गुनात शर्वरीला पुन्हा आणा. आपल्या घरचंच आहे."

त्या पाच घोड्या त्याच्या मामाच्या घरच्या नसतील तर त्यांच्या पोरांना काही होणार नाही. होणार ते पुढच्या पिढ्यांत. मला हे त्यांना समजावता आलं नाही. बी.ए. झालेल्या बाईला जे पटायला शिंगरू मारावं लागलं ते दहा मिनिटांत त्यांना कसं पटावं.

पण ते गेल्यावर मी विचार करत बसले, हे खोटं कशाला बोलू. चारांत एक वाईट, म्हणजे चारांत तीन बरी. उत्तरानेही तेच म्हटलं, "मावशी, चारांत तीन!" तिचा चेहरा कित्येक दिवसांनी उजळला होता. धाकू विचारत होता, फाल्गुनात ट्रक सांगून ठेवू का. एकच तर हवं आहे. मी हो म्हणायच्या बेतात घरी आले.

हे गॅलरीत बसले होते. त्यांना सगळं सांगितलं, चारांत तीन हेही.

ते म्हणाले, "विनय गेल्यावर तू हेच म्हणाली होतीस. सगळीच काही अशी निघत नाहीत, पुढचं नीट होईल. मीही हो म्हटलं."

"तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं."

"नव्हतं," ते म्हणाले. "आता आहे."

खाली पोरं क्रिकेट खेळत होती. बॉल आमच्या गॅलरीत आला, ह्यांनी उठून तो परत टाकला आणि बसले. मी म्हटलं, उद्या माणिकरावांना कळवते. नाही म्हणून. शर्वरीला यापुढे घोडा नाही. उत्तराला मीच सांगेन. तिने दुसरीकडे शिकावं, जिथे घोडे असतील तिथे.

खालचा डाव संपला, पोरं पांगली. मग ते म्हणाले, "दुसरीचं तर आपण नावच ठेवलं नव्हतं."

"ठेवलं होतं," मी म्हटलं. "मी ठेवलं होतं. तुम्ही परत यायच्या आत ती गेली, म्हणून सांगितलं नाही."

त्यांनी विचारलं काय. मी सांगितलं. त्यांनी ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

ते इथे लिहीत नाही.